बब्रुवान मास्तरची घडीची सायकल

जळकोटच्या बब्रुवान मास्तरनं उभ्या जन्मात माणसांना एकच प्रश्न विचारला, आणि तोही एका शब्दाचा. ‘कुठलं?’ समोरचा म्हणायचा, ‘दोन येणेगूर’, नाहीतर ‘एक फुल, एक हाफ, उमरगा’, की चिमटा टिकटिकला आणि कागद हातावर पडला. मास्तर म्हटलं म्हणून शाळेतला समजू नका. आपल्याकडं एसटीच्या कंडक्टरलाही मास्तरच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर शाळेतल्या मास्तरापेक्षा त्याचा धाक जास्त. शाळेतला फार तर कोपऱ्यात उभं करील, हा भर माळावर खाली उतरवील.

एकतीस वर्षं हा माणूस गर्दीत उभा राहिला. कुणाची कोंबडी पायात, कुणाचं लेकरू कडेवर, कुणाचा कोपर बरगडीत. एकदा तर लग्नाच्या वऱ्हाडात नवरदेवच मागं राहिला. मास्तरनं डोकी मोजली, एक कमी भरलं, आणि गाडी थांबवली. नवरदेव नळदुर्गच्या स्टँडवर उसाचा रस पीत उभा. तिथनं पुढं त्या घराण्यात कुठलंही कार्य असो, मास्तरला पत्रिका ठरलेली.

ती मोजायची सवय मात्र अंगात राहिली. रिटायर होऊन सात वर्षं झाली, बायकोला, धुरपदाबाईला, जाऊन चार झाली. मुलगा कृष्णराज पुण्याला, त्याचा फोन रविवारचा. बाकी सहा दिवस घरात ताट वाढून घेतलं की मास्तर पहिला घास मोडायच्या आधी नजर फिरवायचा आणि मनातल्या मनात मोजायचा. एक. मग जेवायचा.

तर ही सायकलीची गोष्ट सुरू झाली ती समोरच्या घरात भाड्यानं राहणाऱ्या राजेश्वरी मॅडममुळं. बँकेतल्या मॅडम. रोज सकाळी हायवेच्या कडेच्या रस्त्यानं सायकलीवर चक्कर मारून यायच्या. सायकल कसली, बारकी बारकी चाकं आणि उंच मान, करडाला उंटाची मान लावल्यासारखी. एकदा मास्तर दारात दात घासत उभा होता. मॅडम उतरल्या, दोन ठिकाणी खटका दाबला, आणि सायकल मधूनच दुमडली. हँडल खाली पडलं, सीट आत गेली. मॅडमनी ती पिशवीसारखी उचलली आणि घरात नेली. मास्तर तोंडातला फेस थुंकायचा विसरला.

सामान बघितलं की ते गाडीत कुठं बसंल हे कंडक्टरला आधी दिसतं. मास्तरनं डोळ्यांनीच माप घेतलं. मागच्या सीटच्या मागं, दाराच्या अंगाला, आरामात.

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमला गाठलं. “मॅडम, ही एसटीत बसती काय हो?”

“बसते की काका. घ्यायची आहे का? माझी नांदेडला बदली झालीय. तिथली खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. द्यायचीच आहे मला ही.”

“मला? ह्या वयात? लेकराच्या सायकलीवर?”

“मी छत्तीस वर्षांची आहे काका. मी बसतेच की.”

“तुमचं येगळं. तुमी सायेब हायसा.” मास्तरनं सायकलीच्या मागं वाकून बघितलं. “हिला मागं क्यारेज न्हाय व्हय?”

“नाही. लागतं का? बसवणार कुणाला?”

मॅडमनं अगदी सहज विचारलं. पण मास्तरचा हात मागच्या चाकावरच राहिला. त्याच्या जुन्या सायकलीच्या क्यारेजवर शनिवारच्या बाजाराला धुरपदाबाई बसायची, मांडीवर पिशवी, आणि खड्डा आला की पाठीत बोट टोचायची. ब्रेकच होता तो. “बसवायचं कुणाला न्हाय,” तो म्हणाला. “उगी इचारलं.”

“सोमवारी सकाळी माझं सामान जातंय. तोवर सांगा. रविवारी चालवून बघा वाटलं तर.”

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला एसटीत बसणारी सायकल हवी कशाला? तर त्याचं कारण एकच होतं, आणि त्याचं नाव सिद्रामप्पा.

सिद्रामप्पा म्हणजे मास्तरचा ड्रायव्हर. बावीस वर्षं एका गाडीवर दोघं. हा पुढं स्टेअरिंगवर, तो मागं घंटीच्या दोरीपाशी. आणि सिद्रामप्पाचा नेम असा, की कानावर दोन घंट्या पडल्याशिवाय चाक हलवायचं नाही. एकदा काय झालं, एका फाट्यावर एका म्हातारीचं गाठोडं उतरवायला मास्तर खाली उतरला. गाडीतल्या कुणा उतावळ्यानं दोरी दोनदा ओढली. गाडी निघाली. मास्तर मागं बोंबलतोय, गाठोडं हातात. गाडी फर्लांगभर गेली आणि थांबली. परत मागं आली. सिद्रामप्पा खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “मला वाटलंच. हात तुझा न्हवता.” घंटीवरून हात ओळखणारा माणूस तो. बोला आता.

आणि त्याच माणसाचे कान गेले. दोन वर्षांपूर्वी फोन उचलायचा तोही बंद झाला. उचलून करणार काय, इकडून मास्तर ओरडतोय, तिकडून हा म्हणतोय, “मोठ्यानं बोल बा, मोठ्यानं.” तेव्हापासून दोघांत शब्द नाही. सोनारवाडी फाट्यापासून आत सहा किलोमीटरवर त्याचं गाव. आत जाणारी गाडी एकच, संध्याकाळची मुक्कामी. म्हणजे गेलं की रात्र काढायची, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरी दुसऱ्या म्हाताऱ्यानं रात्र काढायची म्हणजे अंथरुणापासून भाकरीपर्यंत पंचाईत. फाट्यावरून चालत जावं तर गुडघा दोन किलोमीटरच्या पुढं ऐकत नाही. पायडल मात्र गुडघा निमूट मारायचा, डॉक्टरनं पण सांगितलं होतं. शेजारच्या पोरांच्या मोटारसायकलीवर मागं बसून, सिद्रामप्पाचे कान धड होते तेव्हा, एकदा गेलाही होता. पण दुसऱ्याच्या गाडीवर गेलं की दुसऱ्याच्या सवडीनं उठावं लागतं. चहा ओठाला लागतोय तोवर ते पोरगं दारात हॉर्न वाजवायला लागलं. आणि साधी सायकल आता एसटीत चढत नाही. पूर्वी टपाला शिडी होती, मास्तरनं स्वतः हजार सायकली वर चढवल्या. आता टपाला शिडीच नाही.

म्हणून मास्तरनं मनाशी ठरवलं ते असं : रविवारी सायकल न्यायची. सिद्रामप्पापर्यंत पोचून दिवसाउजेडी परत आलो, तर घ्यायची. नाही जमलं, तर मॅडमच्या दाराशी ठेवायची आणि त्या वाटेचं नाव सोडायचं.

रविवारी सकाळी सायकल ढकलत तो स्टँडकडं निघाला. पानटपरीवाला धनाजी चुन्याचं बोट तसंच वर धरून बघत राहिला. “मास्तर, उरलेली अर्धी सायकल कुठं गहाण ठिवली?”

“तुझ्या दुकानाच्या दारात मावंना म्हणून घरीच ठिवली,” मास्तर म्हणाला. पण कान तापले.

गाडीत कंडक्टर एक पोरगी होती. छातीवरच्या पट्टीवर नाव, हर्षाली. मास्तरनं सायकल मागं नीट उभी केली, तिला दोरीनं दांडीला बांधली, आणि सोनारवाडी फाट्याचं अर्धं तिकीट घेतलं. मग म्हणाला, “आता हिचं फाड.”

“हिचं कशाचं काका? राहू द्या की.”

“राहू द्या म्हंजे? सामान हाय. लगेज फाड.”

“घडी घातलेली हाय, पिशवीगतच झाली.”

“पोरी, मधीच चेकिंग आलं तर पिशवी म्हणून सांगशील? म्या असतो तर खाली उतरवला असता मला.” गाडीतली माणसं हसली. हर्षालीनं मशीनवर बोटं मारत विचारलं, “तुमी डिपार्टमेंटचे का?” मास्तरनं तिकीट वाचून दोनदा दुमडून वरच्या खिशात ठेवलं. फार दिवसांनी त्याच्याशी कुणी वाद घातला होता.

फाट्यावर गाडी धूळ उडवून गेली. मास्तर एकटा उरला. चिंच, तिच्याखाली सिमेंटचा कट्टा, आणि आत वळलेला रस्ता. त्याच्या मनात आलं, असल्या फाट्याफाट्यांवर आपण एकतीस वर्षं माणसं उतरवली. ‘सोनारवाडीवाले चलाऽ’ म्हणून ओरडलो. पण ती माणसं त्या वळणाच्या पुढं कुठं जातात, हे सिद्रामप्पाच्या गावाखेरीज कधी बघितलं नाही. फाटे तोंडपाठ, गावं मात्र ऐकीव.

खटके दाबले, सायकल उघडली. सीटवर बसला आणि पाय पायडलवर ठेवून तसाच थांबला. दोन घंट्यांची वाट बघत. आता मागं घंटी देणारं कोण? हे ध्यानात आल्यावर स्वतःशीच ओशाळून हसला, हँडलवरची घंटी अंगठ्यानं दोनदा वाजवली आणि निघाला. बारकी चाकं, जितकं मारावं तितकं कमीच. ज्वारीच्या रानातून एक पोरगी ओरडली, “आज्जा, पाय टेकत्यात काय?” मास्तरनं पाय टेकून दाखवले. चार वेळा उतरला, दोनदा पाणी प्याला, पण पोचला.

सिद्रामप्पा ओट्यावर बसला होता. आधी त्यानं सायकलीकडं बघितलं, मग माणसाकडं, आणि तोंड उघडं पडलं. “बब्रू! यप्पा, ही सायकल हाय का छत्री?”

मास्तर ओरडायला लागला, तसा त्यानं हात वर केला. “ओरडू नगंस. बावीस वर्षं आरशात बघून तुझं बोलणं वळखलंय. सावकाश तोंड हलव.”

आणि झालं. दोघं ओट्यावर समोरासमोर बसले. मास्तरनं आवाज न काढता ओठ हलवले, हातवारे केले, सिद्रामप्पानं मान डोलवली. पंजा आडवा म्हणजे गाडी फुल, बोटं फिरवली म्हणजे वळून जा, मूठ कपाळाला म्हणजे चेकर आलाय. धुरपदाबाई गेल्यावरच्या घराचं सांगताना मास्तरनं नुसता तळहात पालथा केला. सिद्रामप्पानं त्यावर आपला हात ठेवला. फोनवर ओरडून जे कधी पोचलं नव्हतं, ते तासाभरात सगळं पोचलं.

चहा सिद्रामप्पानंच केला. करताना गॅसवर पातेलं ठेवून बाहेर आला आणि तिथंच बोलत उभा राहिला. मास्तरनं आत जाऊन गॅस बारीक केला. तेव्हा तो म्हणाला, “हेच. मागल्या आईतवारी हिकडं लेक येऊन गेली. गॅस चालू, म्या बाहीर, पातेलं जळालेलं. म्हणली, आप्पा, आता एकटं न्हाय ऱ्हायचं. येत्या बुधवारी बिदरला न्यायला येतीय.”

मास्तरनं ओठ हलवले. “किती दिस?”

“कुलूप लावून चाललोय बब्रू.”

दोघं चहा प्याले. चांगला झाला होता, साखर जास्त. मास्तरला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. ही सायकल वर्षभर आधी दिसली असती तर. पण ते बोलायला कुठला हातवारा नव्हता.

निघताना सिद्रामप्पा रस्त्यापर्यंत आला. त्यानं सायकलीभोवती एक चक्कर मारली, पुढचा टायर अंगठ्यानं दाबला, ब्रेक आवळून बघितला. “पुढलं रबर गेलंय. बदलून घे.” मग घंटीकडं बोट केलं. “वाजव.”

मास्तरनं दोनदा वाजवली. सिद्रामप्पाची नजर अंगठ्यावर होती. त्यानं मान हलवली आणि पूर्वी खिडकीतून दाखवायचा तसा हात बाहेर काढून पुढं दाखवला. जाऊ दे.

परतीच्या वाटेवर मास्तर कुठंच उतरला नाही. फाट्यावर येऊन कट्ट्यावर बसला. तीन गाड्या थांबल्याच नाहीत, चौथी थांबली. घरी दिवसाउजेडी पोचला. ठरवल्यासारखं सगळं जमलं होतं, आणि जायला आता जागाच उरली नव्हती.

संध्याकाळी कृष्णराजचा फोन आला. मास्तरनं सायकलीचं सांगितलं. “दादा, पडलात म्हंजे? कुठं जायचंय तुम्हाला?” मुलगा म्हणाला. मास्तर म्हणाला, “तेच बघतोय.”

सोमवारी मॅडमच्या दारात टेम्पो उभा होता. “काय ठरलं काका? भेटला मित्र?”

“भेटला. तो चालला बिदरला. कायमचा.”

मॅडमनं हातातला खोका खाली ठेवला. “अरेरे. मग तुम्हाला सायकल कशाला हवी आता. असू दे, मी टेम्पोत टाकते.”

मॅडमनं सायकल उचलायला हात घातला. मास्तरनं ती सोडली नाही. त्यालाही कळलं नाही का ते. मनात एकामागं एक फाटे येऊन गेले. नावापुरतेच माहीत असलेले, वळणावर रस्ता आत गेलेले. आणि मागं ते घर, तिथं ताटाशी बसून मोजायचं.

“नगं,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ द्या. म्या घेतो.”

घासाघीस झाली नाही. मॅडमनं उलट टायरात हवा भरायचा पंप वर दिला.

गुरुवारी, म्हणजे सिद्रामप्पाच्या घराला कुलूप लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, मास्तर पुढचं रबर बदलून स्टँडवर आला. धनाजीनं काहीतरी टोमणा मारला, तो ऐकून न ऐकल्यासारखा पुढं गेला. गाडीत हर्षालीच होती. ओळखून हसली, मशीन पुढं धरलं.

“कुठलं?”

मास्तर दाराच्या पायरीवरच अडला. लाखभर माणसांना विचारलेला प्रश्न, आणि त्याला उत्तर काय द्यायचं हे त्यानं घरून ठरवलंच नव्हतं. मागच्या बाईनं कोपर मारला. “सांगा की वो, दारात उभं ऱ्हायलाय.”

“इथनं पयला फाटा,” मास्तर म्हणाला.

“तिथं कोण हाय काका?”

“कोण न्हाय. आतलं गाव बघितलं न्हाय अजून. आन हिचं लगेज फाड.”

तिनं दोन्ही तिकिटं फाडली, वर हात करून दोरी दोनदा ओढली. गाडी हलली. मास्तरचाही हात उगीच वर गेला होता. मग तो वरच्या दांडीवर आला आणि तिथंच धरून राहिला.