फक्त नेट द्या, फोन नको

न मागितलेली वस्तू घरात आली की घराचं काहीतरी बिघडतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि त्याच्याच माडीवर मी तीन वर्षं भाड्यानं राहिले. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी तेव्हा शिकवत होते. आमचे घरमालक चादरींच्या कारखान्यात नक्षी काढायचं काम करून निवृत्त झालेले. सडपातळ, एकटे, एरवी मराठी आणि रागावले की कानडी बोलणारे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. भाजीवालीनं पिशवीत वरून कढीपत्ता टाकला की आप्पा तो उचलून तिच्या टोपलीत परत ठेवायचे. "मी मागितलो का?" ती बिचारी दुखावायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायची, आणि हे पुन्हा परत करायचे. एकदा नव्या शर्टाच्या आत शिवलेलं जादा बटण त्यांनी कात्रीनं काढलं आणि भर उन्हात चालत जाऊन दुकानदाराला नेऊन दिलं. त्याला वाटलं, बटण तुटलं म्हणून तक्रार आहे. त्यानं घाईघाईनं आणखी दोन बटणं हातावर ठेवली. त्या दिवशी आप्पा धड जेवले नाहीत. सूट होती ती फक्त शेंगाचटणीला. खाणावळीत ती न मागता ताटात यायची आणि आप्पा मुकाट्यानं खायचे. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "ती मागितलेलीच असती की, मॅडम. तोंडानं मागावं लागत न्हाय."

अशा माणसाला एक दिवस घरात इंटरनेट घ्यायची वेळ आली. त्यांची थोरली बहीण, आक्का, अक्कलकोटजवळच्या गावात राहायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. लहानपणी या दोघांनी हातांच्या खुणांची स्वतःची एक भाषा तयार केली होती. दर सोमवारी आप्पा एसटीनं तिच्याकडे जायचे आणि दिवसभर गप्पा मारून यायचे. मग त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. आक्काचे गुडघे तर आधीच गेलेले. सहा महिने दोघांची गाठ नाही. शेवटी मी माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून दिला. तिकडे आक्काच्या सुनेनं फोन धरला. पण त्या जाड दगडी भिंतींत रेंज अशी, की आक्काचे हात मध्येच थिजायचे आणि एकदम तिसऱ्याच वाक्यावर दिसायचे. "आक्का तोतरी झालीय," आप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन इंटरनेटच्या ऑफिसात गेले.

काउंटरवरचा तरुण चांगला होता. त्यानं अर्ज भरून घेतला आणि सांगितलं, नेटबरोबर घरचा फोन घ्यावाच लागतो.

"फोन नको. फक्त नेट द्या."

"काका, फोन फुकट आहे."

"फुकट हाय तर काढून टाका की. तुमचं काय जातंय?"

"सिस्टीममध्ये तसं होत नाही."

"सिस्टीम माणसानंच केली की न्हाय?"

यावर तो माझ्याकडे बघू लागला आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. तरी आठवड्यानं एक माणूस वायर घेऊन आला. वायर फाटकापर्यंत आली, पण त्याच्या पिशवीतून पांढरा फोन निघाला आणि आप्पांनी त्याला चहा पाजून वायरीसकट परत पाठवलं. मी म्हटलं, "आप्पा, घ्या की, कपाटात टाकून द्या." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन ऑफिसात जाऊन बसले. काळजीपोटी मीही गेले. डबा उघडायच्या आत तिथल्या मोठ्या बाईंनी त्यांना आत बोलावलं आणि फोनचं इतकं वावडं का, म्हणून विचारलं.

आप्पांनी डबा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आमच्या घरी पयला फोन आला ना, तवा तो वाजला की सगळी उठून पळायची. आक्का दाराकडं बघायची. हातानं विचारायची, कोण आलंय? आमी म्हणायचो, कोण न्हाय. रोज, कोण न्हाय. तिला वाटायचं, लोक येत्यात आणि हिच्यापासनं लपवत्यात. एक दिवस रडली लई. म्हणून फोन असलेल्या घरात तिला बोलवायचं न्हाय, असं मी ठरवलो. आता ती पडद्यावरनं येणार. तरी घरात येणारच की."

बाईंनी कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधलं. नुसत्या नेटचा प्लॅन होता. मागणारं कुणी नसल्यानं तो सांगायची पद्धतच उरली नव्हती, इतकंच.

मग रोज सकाळी आप्पा भाच्यानं दिलेला टॅब तांब्याला टेकवून बसायचे. तासभर घर शांत असायचं आणि मध्येच खालून त्यांचं एकट्याचं मोठमोठ्यानं हसणं माझ्यापर्यंत यायचं. कधी मी जिन्यावरून उतरले की मलाही पडद्यासमोर उभं करायचे. आक्कानं मला खुणेचं नाव दिलं होतं: हाताची पाठ कपाळावरून मागे न्यायची. माझी एक बट सारखी डोळ्यांवर येते आणि मी ती सारत असते, हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. निघाले त्या दिवशी आप्पा फाटकाशी उभे होते. रिक्षा सुरू झाली. हाताची पाठ कपाळावरून मागे नेऊन त्यांनी मला हाक मारली, आणि मी वळणापर्यंत मागे बघत राहिले. इथे त्या नावानं मला कोणी ओळखत नाही. कधी वर्गात शिकवता शिकवता मी बट मागे सारते आणि लक्षात येतं, आपण आपलंच नाव घेतलं.