मेन बंद आहे का?

माझ्या ताईला शाळेतली मुलं ‘शॉर्टसर्किट’ म्हणतात. हे तिला ठाऊक आहे आणि त्याचा तिला राग नाही. राग न येणारी तिच्या आयुष्यातली ही एकमेव गोष्ट असावी. एरवी तिचा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो. खडू मोडला तर खडूवर, पेन चाललं नाही तर पेनवर आणि यातलं काही नसेल तर माझ्यावर. ती सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. मी तिचा धाकटा भाऊ, वायरमन. वीज दोघांच्याही पोटापाण्याची, फक्त तिची फळ्यावरची आणि माझी भिंतीतली.

तिचा सगळ्यात जुना राग एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे ‘बंद’.

“घरात दिवा बंद म्हणजे विझलेला,” ती म्हणायची. “दुकान बंद, नळ बंद, बोलणं बंद. सगळीकडे बंद म्हणजे थांबलं. आणि पुस्तकात परिपथ बंद म्हणजे दिवा पेटला. ज्यानं हे लिहिलं त्याला एकदा तुझ्या शिडीवर चढवायला पाहिजे.”

शिडीवर चढलो मात्र मीच.

त्या दिवशी शाळेच्या सभागृहातला पंखा दुरुस्त करायला मी गेलो होतो. शेजारच्या वर्गात ताईचा तास चालू होता, शिडीवरून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. टेबलावर एक सेल, एक बल्ब, एक कळ आणि तारेचे तीन तुकडे.

“वीज नुसती जात नाही, ती परत येते,” ताई सांगत होती. “सेलच्या एका टोकातून निघायचं, बल्बमधून जायचं आणि दुसऱ्या टोकाला पोचायचं. परतीची वाट कुठेही तुटली की ती घरातून निघतच नाही. आता ही कळ दाबली. पट्ट्या जुळल्या, वाट पुरी झाली. याला काय म्हणायचं?”

मागून एक बारीक आवाज आला, “बंद, बाई.”

ही सातवीतली मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती, म्हणून सगळे तिला अबोली म्हणत. ताईनं तिला पुढे बोलावून शाबासकी दिली. ताईची शाबासकी म्हणजे दुर्मीळ वस्तू, मला अजून मिळालेली नाही. मुलगी दिवसभर तरंगत असणार.

जेवायला जाण्याआधी मी मेन स्विच खाली ओढून ठेवला होता. तो बाहेर व्हरांड्यात, जुन्या तऱ्हेचा. दांडा वर केला की तांब्याच्या पट्ट्या खाचेत बसतात आणि ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. मी जेवत असताना हेडसरांना उकडायला लागलं. त्यांनी शिपायाला सांगून मेन वर करून घेतला. मला सांगावं असं एकाही शहाण्याला वाटलं नाही.

मी परत येऊन शिडीवर चढलो. व्हरांड्यातून अबोली जाताना दिसली. मी वरूनच विचारलं, “मेन बंद आहे का गं?”

ती थांबली. तिनं नीट निरखून पाहिलं. पट्ट्या जुळलेल्या, वाट पुरी.

“बंद आहे, काका,” ती म्हणाली. अगदी खणखणीत आवाजात.

टेस्टर माझ्या खिशात होता आणि तो खिशातच राहिला. शिडी लोखंडी, पाय अनवाणी आणि फरशी नुकतीच पुसलेली. तारेला हात लागला आणि विजेला माझ्यातून जमिनीपर्यंत वाट मिळाली. त्या दिवशी परिपथ मीच बंद केला म्हणायचा. पडताना तार हातातून सुटली म्हणून आज हे सांगतोय. उजव्या हाताची दोन बोटं भाजली ती भाजलीच.

मी दवाखान्यात असताना हेडसरांनी निकाल लावून टाकला. मुलीनं खोडसाळपणानं खोटं सांगितलं, तिच्या हाती दाखला द्यायचा. त्यांच्या पंख्याचा उल्लेख कुठेच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मुलीची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. तिनं हात जोडले आणि मुलीला घरी घेऊन गेली.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचे सगळे राग मी लहानपणापासून बघत आलोय, पण हा वेगळा होता, कारण यात ती स्वतःवरही चिडली होती. “हा शब्द फक्त पुस्तकातला, घरी असं बोलू नका, एवढं एक वाक्य सांगायचं राहिलं माझं,” ती सारखी म्हणत होती.

शाळेच्या समितीची बैठक बसली. ताई सेल, बल्ब आणि कळ घेऊनच आत गेली. मीही बँडेज बांधलेला हात घेऊन मागे. तिनं टेबलावर सगळं जोडून कळ दाबली, बल्ब लागला.

“सर, कळ बंद करा.”

“इथे वर्ग चाललेला नाही,” हेडसर म्हणाले.

“चालला असता तर बरं झालं असतं. करा.”

अध्यक्षांनी मान हलवली तेव्हा हेडसरांनी नाइलाजानं कळ वर केली. बल्ब विझला.

“बंद केली?”

“केली.”

ताईनं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे आपटलं. “वाचा. चाचणीत हे उत्तर लिहिलं असतंत तर मी शून्य दिलं असतं. त्या पोरीनं बरोबर उत्तर दिलं, म्हणून तुम्ही तिला घालवताय. आणि मेन कुणासाठी वर केला तेही आत्ता इथेच सांगा.”

अध्यक्षांनी कळ दोनदा खालीवर करून पाहिली. मग म्हणाले, “मुलगी शाळेत राहील.” हेडसर खिडकीबाहेर बघत बसले.

पण मुलगी यायला तयार नव्हती. आई म्हणाली, त्या दिवसापासून तिनं घरातही बोलणं टाकलंय. ताई मला ओढत तिच्या घरी घेऊन गेली. मुलगी कपाटाआड उभी.

“हा माझा भाऊ,” ताई तिला म्हणाली. “यानं चुकीचं विचारलं. तू बरोबर सांगितलंस. तुझी काडीची चूक नाही. आणि उद्या आली नाहीस तर मी रोज इथे येईन आणि रोज ओरडेन.” ओरडता ओरडता तिचा आवाज फुटला. मी तो पहिल्यांदा तसा ऐकला.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली, पण तोंड मिटूनच.

माझा हात बरा झाल्यावर राहिलेला पंखा पुरा करायला मी गेलो. ती दोन बोटं अजून पूर्ण वळत नाहीत, मूठ बंद होत नाही. शिडी या वेळी लाकडी. चढता चढता पाहिलं तर दारात अबोली. तिला बोलतं करावं म्हणून मी हसून म्हणालो, “काय गं, आज वीज आहे की नाही?”

तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. थेट आमच्या ताईसारख्या.

“मला कशाला विचारता?” ती कडाडली. “टेस्टर आहे ना खिशात? आधी खाली उतरा आणि स्वतः बघा.”

मी मुकाट्यानं खाली उतरलो.