लाउस्ट डामगोर आणि सैतानाची गल्ली

आमच्या चर्चला पन्नास वर्षं झाली म्हणून पुस्तिका निघते आहे. प्रत्येकाने एका जुन्या माणसाबद्दल लिहायचं ठरलं आणि लाउस्ट डामगोर माझ्या वाट्याला आला. कुंपणाचा तो दिवस पाहिलेल्यांत आता मी एकटाच उरलो आहे, एवढाच माझा अधिकार. लिहायची मला सवय नाही. सगळं गोड लिहावं अशी अपेक्षा असेल, पण लाउस्ट गोड माणूस नव्हता.

तो डेन्मार्कच्या दक्षिणेकडच्या श्लेस्विगमधल्या खेड्यातला. अठराशे चौसष्ट साली, बाविसाव्या वर्षी, ड्युबोलच्या मोर्च्यांवर डेन्मार्ककडून जर्मनांच्या प्रशियाविरुद्ध लढला. डेन्मार्क हरला, गाव प्रशियाच्या ताब्यात गेलं. ज्यांच्यावर नेम धरला त्यांचाच डगला अंगावर चढवायची वेळ येणार असं दिसल्यावर त्याने लग्न केलं आणि किर्स्टीनला घेऊन इकडे अमेरिकेत, आयोवात आला. ऐंशी एकर कुरण त्याने दोन बैलांवर फोडलं. पहिली सहा वर्षं ती दोघं टेकडीच्या उतारात खोदलेल्या घरात राहिली. पुढे त्याच्याकडे अठरा दुधाळ गाई झाल्या. प्रत्येक गाईशी तो बोलायचा, माणसांशी मात्र कामापुरतं.

एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती. मळणीच्या दिवसांत आम्ही सगळे शर्ट काढून पंपाखाली अंग धुवायचो. लाउस्ट फक्त तोंड धुवायचा. पोरं त्याला पाद्रीबुवा म्हणायची.

एक्क्याऐंशी साली त्याच्या पूर्वेची जमीन कास्पार ब्रिंकमान नावाच्या जर्मनाने घेतली. वेस्टफालियाचा, खांदे दारात मावणार नाहीत असा. तोही ड्युबोलला होता, समोरच्या बाजूला. हे त्याने स्वतःच दुकानात सगळ्यांना सांगितलं.

आमच्याकडे सामाईक कुंपण वाटायची एक रीत आहे. दोघा शेजाऱ्यांनी हद्दीच्या बरोबर मध्यावर यायचं, समोरासमोर उभं राहायचं आणि उजवा हात लांब करायचा. ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग, तो त्याने बांधायचा आणि आयुष्यभर सांभाळायचा. दोघं त्यासाठी गेले. ब्रिंकमानने लाउस्टला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "चेहरा ओळखीचा वाटत नाही बुवा. आम्हाला डेन लोकांच्या पाठीच तेवढ्या पाहायला मिळाल्या."

लाउस्ट घरी निघाला. निघाला म्हणजे पाठ फिरवूनच निघाला, दुसरं करणार काय. ब्रिंकमानचं हसणं लाउस्टच्या घरापर्यंत ऐकू येत होतं, असं किर्स्टीन सांगायची.

त्यानंतर लाउस्टने हद्दीपासून चार फूट आत स्वतःचं कुंपण घातलं. ब्रिंकमाननेही त्याच्या बाजूने चार फूट आत घातलं. मध्ये आठ फूट रुंद आणि अर्धा मैल लांब पट्टी उरली. अशा पट्टीला आमच्याकडे सैतानाची गल्ली म्हणतात. तिच्यात काटेरी रान माजलं आणि त्याचं बी उडून सगळ्यांच्या ओटच्या पिकात यायला लागलं. लोक दोघांनाही शिव्या घालायचे. दोघांना त्याचं काही नव्हतं. तेरा वर्षं ते एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

त्या पट्टीत उत्तरेच्या अंगाला, बरोबर हद्दीवर, एक झरा होता. नुसती ओल, चार बेडूक. दोघांनीही कुंपण मागे घेताना तो बाहेर ठेवला होता आणि कोणाला त्याची आठवणही नव्हती.

मग चौऱ्याण्णवचा दुष्काळ आला. मका गुडघ्याएवढा होऊन वाळला. लाउस्टची विहीर जुलैत आटली. ब्रिंकमानची खोल होती, वर पवनचक्की, त्याला चिंता नव्हती. सैतानाच्या गल्लीतला झरा मात्र चालू होता. लाउस्टने आपलं कुंपण तिथे उघडलं आणि गाई सोडल्या. दोन गाई पाणी पिताना हद्द ओलांडून पाऊलभर पलीकडे गेल्या. ब्रिंकमानने त्या नेऊन गोठ्यात कोंडल्या आणि दोन दिवस तशाच ठेवल्या. धार काढली नाही, कोणाला काढू दिली नाही. परत आल्या तेव्हा कासा दगडासारख्या तटल्या होत्या. एकीचे दोन सड कायमचे गेले.

यावर उपाय एकच होता. दोन्ही कुंपणं काढून हद्दीवर एकच घालायचं, झऱ्याच्या मधून, म्हणजे दोन्हीकडची गुरं आपापल्या बाजूने पितील. आमच्या भागात कुंपणाचे तंटे तिघे पंच पाहत. त्या वर्षी त्यांत मी होतो. का निवडलं कोण जाणे. मी ब्रिंकमानकडे गेलो. तो म्हणाला, त्याला पाण्याची गरज नाही, पण रीत मोडणारा तो नाही. डामगोरने समोर येऊन उभं राहावं. दुसरं काही चालणार नाही.

लाउस्टला सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. रीतीने वाटलं तर लाउस्टचं तोंड पूर्वेला, उजवा हात दक्षिणेला. म्हणजे झऱ्याचा भाग ब्रिंकमानच्या हातात. त्याने खांब हातभर सरकवला की पाणी गेलं. लाउस्टने विचारलं, भाग बदलून मिळतील का. मी तेही विचारून आलो होतो. मिळणार नव्हते.

ठरल्या सकाळी तो आला, पण ब्रिंकमानकडे पाठ करून उभा राहिला आणि उजवा हात उत्तरेकडे लांब केला. ब्रिंकमानचाही हात उत्तरेला. आमचे मुख्य पंच एस्बेन क्रॉग वैतागले.

"लाउस्ट, असं कसं लिहू मी? दोघांना उत्तर दिली तर दक्षिण कोणी बांधायची, मी?"

"मी आलोय. उभा आहे. लिहा."

ब्रिंकमान म्हणाला, "राहू द्या हो. ही बाजू माझ्या पाहण्यातली आहे."

लाउस्टची मान लाल झाली, पण तो हलला नाही. गोठ्याकडून गाईंचं हंबरणं येत होतं. ओरडून ओरडून त्यांचे आवाज बसले होते. किर्स्टीन गाडीपाशी उभी होती. ती आमच्यात आली, नवऱ्याच्या समोर उभी राहिली आणि हळू बोलली, पण मी जवळच होतो.

"त्या दोघींच्या कासा मी पिळल्या. रक्त येत होतं. आता अठरा जणी ओरडताहेत. तू वळतोस, की तुझ्या जागी मी उभी राहू?"

लाउस्ट वळला. ब्रिंकमानपासून दोन हातांवर उभा राहून त्याने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि उजवा हात दक्षिणेकडे लांब केला. एस्बेनने घाईघाईने लिहून घेतलं.

ब्रिंकमान खांब पुरत होता ते तीन दिवस लाउस्ट बादली पालथी घालून झऱ्यापाशी बसून होता. गुडघ्यावर दोरी आणि ओळंबा. ब्रिंकमाननेही मुद्दाम त्याच्यासमोर प्रत्येक खांब तीनतीनदा मोजला. शेवटचा खांब झऱ्याच्या बरोबर मध्यावर आला. लाउस्टने ओळंबा लावून पाहिला, दोरी गुंडाळली आणि घरी गेला. गाई वाचल्या. त्यानंतर एकोणीस वर्षं दोघांची गुरं एकाच डबक्यावर पाणी प्यायली. दोघं मात्र पुन्हा बोलले नाहीत. आपल्या बाजूची तार सैल झाली की ज्याची तो ताणायचा, दुसरा घरात गेल्यावर.

लाउस्ट एकोणीसशे तेरा साली गेला. आदल्या आठवड्यात पाद्री भेटायला आले तेव्हा मी तिथे होतो. त्याने त्यांना विचारलं, दफनात पाय कुठल्या दिशेला करतात. पाद्री म्हणाले, सगळ्यांचे पूर्वेला, उठताना तोंड उगवतीकडे यावं म्हणून. दफनभूमी आमच्या पश्चिमेच्या टेकाडावर आहे. तिथून पूर्वेला आधी लाउस्टची शेती आणि तिच्यापलीकडे ब्रिंकमानची. लाउस्टने मनात काहीतरी जुळवून पाहिलं.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "त्याच्याकडे पाठ नको."

त्याला अंघोळ घालायला मी आणि एस्बेन होतो. कुशीवर वळवला तेव्हा उजव्या खांद्याच्या मागे गोळीचा वण दिसला, नाण्याएवढा, आत खोल गेलेला. एस्बेनने त्याच्यावरून ओला कपडा फिरवला. आम्ही त्याला शर्ट घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

ब्रिंकमान दफनाला आला नाही. लाउस्टने विचारलेलं कोणीतरी त्याला दुकानात सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आता नांगरताना रोज त्याचं तोंड बघायचं."