टायरातली तिखट तार

कार्ल्याच्या रतनबाईची लेक समीक्षा कधी एका जागी टिकली नाही. जेवायला बसली तरी अर्धी उठलेली. शेजारची अंबूबाई म्हणायची, "रतने, हिला भिंगरी बांधूनच जल्माला घातलीस काय गं?"

खंडाळ्याच्या एका बंगल्यात समीक्षा झाडलोटीला जायची. बंगल्याच्या बाई कायमच्या मुंबईला निघाल्या, तेव्हा त्यांनी आपली रेसर सायकल तिला देऊन टाकली. मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल, आणि टायर असे बारीक, की रतनबाई म्हणाली, "ह्याच्यापरीस माजी पाटली जाड आसंल."

बंगला बंद झाला, काम गेलं. लोणावळ्यात सुरज म्हणून एक जण पाहुण्यांना सायकलींवरून पवना धरणापर्यंत फिरवून आणतो. वाट दाखवत पुढं चालवायला त्याला माणूस हवं होतं. समीक्षा जाऊन उभी राहिली. तो म्हणाला, "रविवारी चार पाहुणे आहेत. तू पुढं राहा, मी मागून बघतो. पण पुढचाच माणूस पंक्चर काढत बसला, तर पाहुणे पुन्हा येत नाहीत, एवढं ध्यानात ठेव."

नेमकं तिथंच घोडं अडलेलं. दिवसाआड सायकलची हवा जायची, आणि तीही कार्ल्याच्या फाट्यावर आल्यावरच. फाट्यावरच्या पप्पूचं दुकान ट्रक आणि मोटरसायकलींचं. त्यानं ठिगळ लावलं, वर मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून टायरात सरकवली. मग चाक लंगड्या कोंबडीसारखं उड्या मारत चाललं.

"पप्पूभाऊ, मला सायकल चालवायचीय, पाळण्यात न्हाई बसायचं."

"मग जाड टायर घाल की ताई. जाड तितं काटा काय करंल?"

ते तिला पटलं. सोमाटण्याला जाऊन तिनं गोळ्या-गोळ्यांचा जाडजूड टायर आणला. तो बसवला, तर चाक दांडीत अडकून फिरेनाच. दुकानदार फोनवर म्हणाला, "चालवा, घासून घासून बसंल."

"टायर हाय का चप्पल?" म्हणत तिनं फोन ठेवला, आणि जाऊन टायर परत केला.

रविवार जवळ येत चालला तसा तिचा जीव थाऱ्यावर राहीना. भाकरी थापता थापता उठायची, अंगठ्यानं टायर दाबून बघायची, पिठाचा ठसा उमटवून परत चुलीकडे. रतनबाई म्हणायची, "त्याला ताप बीप आलाय का, सारकी बघतीस ती?"

गुरुवारी परत हवा गेली. ह्या खेपेस ती पप्पूकडे गेलीच नाही. अंगणात बसून तिनं टायर उतरवला आणि आतून बोट फिरवलं. टच्चदिशी टोचलं. रक्त आलं म्हणून बोट तोंडात घातलं, तर जिभेला आग लागली. टायरात तिखट कुठून आलं? केसातली पिन काढून तिनं टोकरलं. बारीक हिरवी तार निघाली, आणि तिला मिरचीची वाळकी साल चिकटलेली.

समीक्षानं मान वर केली. समोर ओट्यावर आई शनिवारसाठी तसल्याच तारेत लिंबू-मिरच्या ओवत होती. फाट्यावर गाडीवाल्यांना ती त्याच विकायची. गाडीवाले नवी बांधायचे, जुनी तोडून तिथंच रस्त्यावर टाकायचे.

"आई, दोऱ्यात का ओवत न्हाईस?"

"दोरा कुजतोय. मिरच्या गळाल्या की गिऱ्हाईक शिव्या घालतंय. तार पक्की."

"व्हय, लय पक्की. बघ, माज्या टायरात शिरून बसलीया."

रतनबाईनं तार हातात घेऊन उलटीपालटी केली. "हिरवी तार तर तूच आणलीस की गं, बंगल्यावरनं! लग्नाच्या फुलांची राहिलेली. 'आई, फुकाटची हाय, घे,' म्हणालीस."

समीक्षानं तार परत घेतली. मग म्हणाली, "बरं, माजी चूक. पण रस्त्यावरच्या तरी गोळा कर."

"लोकांची उतरवलेली नजर मी हातानं उचलू? आन घरात आणू? डोस्कं फिरलंय तुजं!"

मायलेकीत तासभर जुंपली. शेवटी रतनबाईनं तारेचं भेंडोळं अडगळीत फेकलं आणि गोधडीचा दोरा दुहेरी करून ओवायला घेतला, तोंड चालूच ठेवून. पण रस्त्यावर आधीच पडलेल्या तारा काय तिचं ऐकणार होत्या?

लोणावळ्याच्या बाजारातला गोरख सायकली दुरुस्त करतो. समीक्षानं तार त्याच्या पुढ्यात ठेवली. तो म्हणाला, "जाड मागू नको. रबराखाली चिवट पट्टी असलेला माग. तार रबरातनं आली तरी पट्टीपाशी अडती. पुण्याहून मागवून देतो. मातर जरा जड चालंल, चढाला दम काढंल."

"काढू दे. दम हाय माज्याकडं."

शनिवारी टायर बसले. रविवारी ती निघाली. दुधिवऱ्याच्या खिंडीपर्यंत हवा जशीच्या तशी. खिंडीत सुरजनं तिला गाठलं.

"मागं एकदा तरी बघितलंस का?"

तिनं वळून पाहिलं. तीन पाहुणे धापा टाकत येत होते. चौथ्या बाई पार खाली, मोरीच्या कठड्यावर बसलेल्या.

"टायर नवा घेतलास ना? मग अख्खा रस्ता खाली मान घालून काय हुडकत होतीस? लोकांना तुझ्या टायराशी काय करायचंय?"

समीक्षाचं तोंड उतरलं. ती उतारानं खाली गेली, बाईंना पाणी दिलं, आणि त्यांच्या बरोबरीनं चढ चढली. वाटेत चाकाखाली काहीतरी करकरलं. तिची मान खाली जायला लागली. तिनं ती दात आवळून वर धरली आणि म्हणाली, "मॅडम, ते वळण दिसतंय ना, तितं चढ सपला. धरण लगेच दिसंल." चाक गुमान चालत राहिलं.

लोणावळ्यात परत आल्यावर बाईंनी सुरजला सांगितलं, पुढच्या वेळी हीच मुलगी पाहिजे.

सुरज म्हणाला, "बुधवारी मुंबईची मंडळी आहेत. सगळी नवखी, वयस्कर. अगदी हळू चालवावं लागेल, थांबत थांबत. जमेल?"

हळू चालवायचं म्हटल्यावर समीक्षाचा जीव पंक्चरच्या वेळेपेक्षा जास्त खालीवर झाला. पण ती "जमंल" म्हणाली.