हुंकारा देणारा संताजी

इंदूरजवळ देपालपुरकडच्या आमच्या गावात गोष्ट सांगायची म्हणजे दोन माणसं लागत. एक सांगणारा, दुसरा हुंकारा देणारा. सांगणाऱ्याने वाक्य टाकलं की दुसऱ्याने ‘हूं’ म्हणायचं, मग पुढचं वाक्य. हुंकारा थांबला की गोष्ट थांबलीच पाहिजे. कारण एक तर ऐकणारा झोपला, नाही तर त्याला गोष्ट मंजूर नाही. दोन्ही बाबतीत सांगणाऱ्याने तोंड बंद करायचं, असा कायदा. गावच्या शाळेत मी सहावीपर्यंत जे शिकलो त्यातलं बरंच विसरलो, पण आजोबांनी शिकवलेला हा कायदा नाही विसरलो.

माझा हुंकारा देणारा संताजी. दोघांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते आणि दोघांच्या वाट्याला त्या फौजेतून काही आलं नाही, आडनावं सोडून. गावात मराठी घरं चारच. बाकी सगळी माळवी. त्यामुळे आमची मराठी पहिल्यापासून अशी, निम्मी आईची आणि निम्मी शेजारणीची. मी नऊ वर्षांचा असताना विहिरीतल्या कासवाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली, तेव्हा आठ वर्षांचा संताजी समोर बसून ‘हूं’ म्हणाला. तेव्हापासून म्हणतोच आहे.

पुढे तो टेलिफोन खात्यात लाइनमन झाला. खांद्यावर दोर, कमरेला पट्टा, हातात तो काळा टेस्टिंगचा फोन. खांबावर चढून तार लावायचा आणि एक्स्चेंजमधला माणूस काही बोलला की वरून म्हणायचा, ‘हूं, येतोय आवाज.’ चौतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं चालू ठेवलं त्याने. स्वतः बोलायची वेळ आली की मात्र ओठ शिवल्यासारखे. त्याचं लग्न ठरवायला महूला गेलो होतो, तेव्हा जनाबाईच्या वडिलांनी विचारलं, ‘मुलगी पसंत आहे ना?’ हा म्हणाला, ‘हूं.’ वडील म्हणाले, ‘हूं म्हणजे?’ शेवटी मलाच सांगावं लागलं की साहेब, याच्या मानाने हे भाषण झालं.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं इंदूरला रामबागेत आलो, दोन गल्ल्या सोडून. जनाबाई तोवर गेलेली. संताजी रोज सकाळी पोहे खाऊन माझ्या ओसरीवर यायचा. मी सांगायचो, तो हूं म्हणायचा. घरात टीव्ही आला, मोबाइल आला, तरी आमचं काही अडलं नाही. टीव्हीबद्दल माझं मत पहिल्यापासून एकच आहे. तो आपण उठून गेलो तरी बोलत राहतो. ज्याला समोर माणूस आहे की नाही याने फरक पडत नाही, त्याचं कसलं सांगणं?

मग माझी नात संहिता कॉलेजातून प्रोजेक्ट घेऊन आली. इंदूरच्या जुन्या मराठी लोकांची बोली रेकॉर्ड करायची होती. मी आंघोळ करून कोसा रेशमाचं जाकीट घातलं. संताजीला शेजारी बसवून सहा मिनिटांची कासवाची गोष्ट सांगितली, हातवारे करून, कासवाचा आवाज काढून. ती म्हणाली, ‘आजोबा, एकदम भारी. टाकते.’ आणि इंटरनेटवर टाकली.

तीन दिवसांत लाखभर लोकांनी पाहिली. मी मनोरमेला, म्हणजे बायकोला, म्हटलं, ‘बघ, अठ्ठेचाळीस वर्षं तुला किंमत कळली नाही.’ मग संहिताने खालचे शेरे वाचून दाखवले.

‘वो बगल वाले दादाजी की हूं सुनो.’

‘तिसरा हूं ऐकून मला माझे आजोबा आठवले.’

‘हूं वाले दादाजी पे अलग से वीडियो बनाओ.’

पुण्याच्या कोणीतरी विचारलं होतं, ‘ही कुठली मराठी?’ त्यावर इंदूरच्या पोराने उत्तर दिलेलं, ‘भिया, ये हमारे यहाँ की मराठी है, इसमें सेव डली हुई है.’ हे उत्तर मला फार आवडलं. मी कोण, याचा एवढा चांगला खुलासा मला स्वतःला कधी जमला नव्हता. पण तेवढं सोडलं, तर सगळे शेरे संताजीवर. माझ्याबद्दल एकच होता, ‘अंकल थोडा लंबा खींचते हैं.’

मी संहिताला विचारलं, ‘कासवाबद्दल कोणी काहीच नाही म्हणालं?’

‘आजोबा, लोकांना वाइब आवडते.’

‘ती संताजीकडे आहे?’

‘ठासून,’ ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं सराफ्यात गेलो, भुट्ट्याचा किस खायला. सोन्याची दुकानं बंद होऊन ठेले नुकते लागत होते. किसवाल्याने संताजीला ओळखलं. ‘आप वो हूं वाले दादाजी?’ संताजी म्हणाला, ‘हूं.’ झालं, ठेल्यावरची सगळी माणसं हसली. किसवाल्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि आपला मोबाइल माझ्या हातात दिला, ‘अंकलजी, जरा फोटो खींच दो.’ मी काढला. फोटो हलला. परत काढायला लावला. संताजीच्या पानाच्या दोन्यात किसावर जास्तीचं खोबरं पडलं आणि माझ्यात नेहमीएवढंच. खोबऱ्याचं मला काही नाही, डॉक्टरांनी मना केलं आहे. पण मी घरापर्यंत एक शब्द बोललो नाही आणि त्या शहाण्याच्या ते लक्षातही आलं नाही.

इथवर मी सहन केलं. मग महूचे मेजर उगवले.

यशवर्धन नाव, फौजेतून रिटायर, पांढऱ्या मिशा, पॉलिश केलेले बूट. व्हिडिओ पाहून ते संताजीचं घर शोधत आले. ‘संताजीराव, माझ्याकडे बर्फातल्या चौक्यांच्या गोष्टी आहेत. तुम्ही समोर बसाल?’ आणि संताजी बसला. मला हे त्याने सांगितलं नाही, संहिताच्या मोबाइलवर दिसलं. मेजर बर्फ सांगतायत आणि माझा संताजी, माझ्या कासवाला जो दिला तोच हूं, त्या बर्फाला देतोय. उलट जरा लांबवून. ‘हूंऽऽ.’ मला इतक्या वर्षांत एवढा लांब कधी दिला नव्हता.

मनोरमा म्हणाली, ‘तुमची जळण धुरासारखी घरभर झाली आहे. खिडकी उघडू का?’

मी म्हटलं, ‘विषय तत्त्वाचा आहे.’

तत्त्वाचा नव्हता. मला फक्त त्या मेजरपेक्षा मोठी गोष्ट पाहिजे होती. आणि अशी एक माझ्याकडे होती. ती कासवाची नव्हती, बर्फाची नव्हती. संताजीने मला एकदाच सांगितलेली होती, त्याची आणि जनाबाईची. एवढंच लिहितो, की त्यात टेलिफोनचा एक खांब आहे, वर चढलेला संताजी आहे आणि तारेच्या त्या टोकाला महूत बोलणारी जनाबाई आहे. ती जे सांगत होती त्यावर नवऱ्याने ‘हूं’च्या पुढे काहीतरी बोलायला पाहिजे होतं. सांगितल्यावर संताजी म्हणाला होता, ‘कुठे बोलू नको.’ मी म्हटलं होतं, ‘माझ्या गळ्याची शपथ.’

शुक्रवारी संहिता मोबाइल लावून बसली. संताजी नेहमीच्या जागी. मी सुरू केलं, ‘देपालपुरच्या रस्त्याला एक खांब होता.’

‘हूं.’

‘त्याच्यावर दुपारचा एक जवान लाइनमन चढला.’

‘हूं,’ संताजी म्हणाला आणि जरासा हसला. त्याला वाटलं, मी त्याच्या नोकरीची काही गंमत सांगतोय.

‘त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला महूला गेलेली.’

हूं आला नाही.

मी वाट पाहिली. संताजी माझ्याकडे बघत होता. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. गावात लहानपणी मी त्याची पाटी फोडली होती, तेव्हा बघितलं होतं तसा बघत होता. मी एकदा खाकरलो. वाटलं, हूं नसला तरी पुढचं वाक्य टाकू. तोंड उघडलं, पण कायदा माझ्याच आजोबांनी शिकवलेला. वाक्य काही बाहेर पडेना. संताजी उठला, चपला घातल्या आणि गेला.

मी संहिताला म्हटलं, ‘तेवढं पुसून टाक.’

‘कधीच पुसलं,’ ती म्हणाली. ‘आजोबा, हे तुम्ही का केलंत?’

नातीला काय सांगणार? सराफ्यात मला फोटो काढायला लावला म्हणून?

तीन सकाळी संताजी आला नाही. चौथ्या दिवशी मीच गेलो. दाराशी पोचलो तर आतून मेजरांचा आवाज आणि मधे मधे हूं. मी बाहेर पायरीवर बसून ऐकलं. मेजर सांगत होते बऱ्यापैकी, पण थांबावं कुठे ते कळत नव्हतं. संताजी त्यांना जागा करून देत होता. त्यांचा श्वास संपला की हा हूं म्हणायचा, म्हणजे ते न लाजता श्वास घेत. माझं पण इतकी वर्षं असंच चाललं असेल, हे त्या पायरीवर कळलं. कळून जळण कमी झाली नाही, उलट वाढली.

मेजर बाहेर येऊन मला ‘नमस्कार, लक्ष्मणराव’ म्हणून गेल्यावर मी आत गेलो.

‘चुकलं,’ मी म्हटलं. ‘शपथ मोडली.’ मग मी खरं ते सांगितलं. ‘लोक तुझं नाव घेतात आणि माझ्या पोटात दुखतं. तू मेजरला लांब हूं देतोस, त्याने जास्त दुखतं.’

संताजीने पाण्याचा तांब्या पुढे केला. ‘मेजर एकटा आहे रे,’ तो म्हणाला. ‘मंगळवार त्याला दिलाय. बाकीचे वार तुझे.’

‘आणि ती गोष्ट?’

‘ती माझी. कधी सांगायची झाली तर मीच सांगणार.’

संताजी गोष्ट सांगणार, हे ऐकून मी पाणी प्यायचा थांबलो. ‘मग हुंकारा कोण देणार?’

त्याने तांब्या माझ्या हातातून काढून जागेवर ठेवला. मग म्हणाला, ‘बघू.’

या गोष्टीला दोन महिने झाले. पुढच्या सकाळपासून तो ओसरीवर येतो, कासवाला हूं देतो. मंगळवार माझ्या घशाखाली अजून उतरत नाही. पण मी आता मंगळवारी रिकामा बसत नाही. संताजी गोष्ट सांगेल तेव्हा हुंकाऱ्याला मेजरांच्या आधी माझा नंबर लागावा म्हणून तयारी करतो. मनोरमा स्वयंपाकघरात भाजीवाल्याची, शेजारच्या शिखा वहिनींच्या गुडघ्याची, कुकरच्या शिट्टीची हकिकत सांगत असते. मी पाटावर बसतो आणि प्रत्येक वाक्याला हूं म्हणतो. जमत नाही. हूं कधी लवकर पडतो, कधी मधेच मला कासव आठवतं आणि राहून जातो.

पहिल्या मंगळवारी ती चार वाक्यं बोलून थांबली. पोळी तव्यावर तशीच. वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘तुम्हाला बरं वाटतंय ना?’

मी म्हटलं, ‘हूं. तू सांग पुढे.’