वाळकी बाभळ

शेजारच्या न्हाणीघरामागे वाळकी लाकडं पेटली की त्या धुराच्या वासानं मला सौदीतल्या खमीस मुशैतजवळच्या डोंगरातला एक शुक्रवार आठवतो. सौदायझेशन, म्हणजे परदेशी कामगारांच्या जागी सौदी माणसं घेणं, जोरात होतं, दर महिन्याला आमच्यातल्या कुणाची तरी नोकरी जाऊन तो फायनल एक्झिटवर कायमचा घरी परतत होता. जुम्म्याची नमाज झाली की उरलेले आम्ही कोकणी मटण रांधायला डोंगरावर जायचो. त्या दिवशी आमचा अमेरिकन साहेबही आला होता. धुकं उतरत होतं, वारा बोचत होता. आमच्यातले सगळ्यांत जुने चाचा स्वयंपाकाला असायचे. त्यांनी एक मेलेली बाभळ पाडली आणि ओंडका चुलीत सारणार, तोच साहेबानं त्यांचा हात धरला. खोडात गोल भोक होतं. सुतारपक्ष्याचं घर, रिकामं. "हिरवं कधी तोडलंय मी? सुकलेलंच ना घेतलं?" चाचा दुखावून म्हणाले. मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब म्हणाला, "आमच्याकडेही सगळे हेच म्हणायचे. माझ्या लहानपणी शेतावर लाल डोक्याचे सुतारपक्षी खूप होते. ते मेलेल्या झाडातच घर करतात. लोकांनी तशी झाडं साफ केली आणि पक्षी वर्षागणिक कमी होत गेले." चाचांनी विचारलं, "मग गेले कुठे?" साहेब म्हणाला, "कुठेच नाही." चाचांनी ओंडका बाजूला ठेवला, सरपण कमी पडलं आणि आम्ही मटण अर्धकच्चंच खाल्लं. पुढच्याच महिन्यात चाचांना एक्झिट मिळाली, मग साहेबाला, मग मला. आता माझ्या परसात एक वाळलेला फणस उभा आहे. घरचे तोडू म्हणतात, मी तोडू देत नाही. अजून तरी त्यावर कुणी आलेलं नाही.