बाटलीवरची बोटं

फोटो स्टुडिओत त्याला सगळे डागकाढे म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं; सव्वीस वर्षांच्या कामाने ते चिकटलं होतं. पासपोर्टच्या फोटोतली मुरुमं, नवरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कुणाच्या आजोबांच्या शर्टावर सांडलेला चहा, असं सगळं तो माऊसच्या चार टिचक्यांत नाहीसं करायचा. मालकांचा नियम होता, एका गिऱ्हाइकाची एकच फाईल. मूळ फोटोवरच काम करायचं आणि त्यावरच सेव्ह करायचं. "डागांचे फोटो कशाला जपायचे?" असं ते म्हणत.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. घरात आवाज करायला फ्रिज तेवढा उरला होता, तोही मध्येच गप्प व्हायचा.

एका सकाळी सव्वाआठच्या सुमारास स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आलं आणि तेलाच्या बाटलीतून ओट्यावर पिवळी लाट पसरली. बाटलीच्या तेलकट काचेवर बायकोची चार बोटं आणि अंगठा अजून उमटलेला होता. त्या बाटलीला त्याने तेव्हापासून हात लावला नव्हता. फोडणीपुरतं तेल तो डब्यातून घ्यायचा.

त्याने स्टुडिओतला जुना कॅमेरा मागून आणला. बाटलीमागे काळा कागद, बाजूला चमचा आणि उजेड परतवायला एक ताटली. तो इतका जवळ जायचा की बाटली बाटली राहायची नाही, नुसता एक पिवळा उतार उरायचा. मग जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर रंग उलटे कर, सावल्या गडद कर, चित्र आडवं फिरव, असं चालायचं. जेवणाचा डबा तसाच राहायचा. कितीतरी महिन्यांनी त्याला सोमवारची ओढ लागली.

एक चित्र त्याने परगावच्या मुलीला पाठवलं.

"बाबा, हे काय? वाळवंट?"

"ओळख बघू."

"हरले! बरं, ठेवते हं, मीटिंग आहे."

फोन बंद झाला तरी तो कानाशीच राहिला.

रविवारी ताई आली. तो भाजी घेऊन परतला, तेव्हा ओट्यावर बाटली उपडी, लखलखीत निथळत होती.

"ताई, ती बाटली धुतलीस?"

"मग काय, फ्रेम करून भिंतीला टांगू? हात लावला तर हात सुटेना! असा गबाळा नव्हतास रे तू."

त्याने बाटली उजेडात धरून सगळीकडून फिरवून पाहिली. फोटो तर आहेत, अशी त्याने मनाची समजूत घातली.

सोमवारी त्याने ते उघडले. त्रेचाळीस फोटो, सगळे देखणे, सगळे स्वच्छ. एकाही फोटोत काचेवर बोट नव्हतं. रंगांशी खेळता खेळता त्याच्या हाताने नेहमीसारखे डाग काढले होते आणि नेहमीसारखं मूळ फाईलवरच सेव्ह केलं होतं. ताईने निदान विचारल्यावर सांगितलं तरी. याच्या हाताने तर यालाही कळू दिलं नव्हतं.

त्याने घाईने कॅमेऱ्याचं कार्ड तपासलं. चांगले फोटो त्याने कॉम्प्युटरवर हलवले होते. पहिल्या सकाळचा एक, हललेला, फसलेला म्हणून मागेच राहून गेला होता. उताराच्या कडेला अंगठा होता. धूसर, पण रेषा मोजता येतील असा.

त्याने तो पडद्यावर मोठा केला. माऊसवरचा उजवा हात सरळ डाग काढायच्या खुणेकडे निघाला. त्याने तो ओढून मांडीखाली दाबला आणि डाव्या हाताने छापायला दिलं.

मालक मागून डोकावले. "डागकाढे, नजर गेली की काय? कोपऱ्यात केवढा डाग राहिलाय!"

"हो," तो म्हणाला.

यंत्रातून कागद कोमट बाहेर आला. त्यावर आपलं बोट उमटू नये म्हणून त्याने तो अगदी कडेकडेने धरला.